बनसोडे मामांची अक्षरं

बनसोडे मामा हॉटेलात शिरण्याआधी पाटी वाचत. वेलांटी चुकलेली दिसली, की चहा न घेता माघारी. त्यामुळे अख्ख्या दौंडात त्यांना एकच हॉटेल उरलं होतं, आणि तिथला चहा भिकार होता.

मामा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून. त्याआधी पाट्या रंगवायचे. कारखान्यानं ऊसनोंदीसाठी हातात मावणारी, पावती काढणारी यंत्रं घेतली, तेव्हा त्या यंत्रांना फक्त इंग्रजी यायचं. प्रोग्रॅम लिहायला मी पुण्याहून आलो आणि मराठी फॉन्ट घडवायला मामांना माझ्या शेजारी बसवलं. आलेखाच्या वहीत एकेक चौकोन काळा करत ते अक्षर काढायचे. एका 'क्ष'ला दोन दिवस. मी घाई केली की म्हणायचे, "सायेब, अक्षराला बी गुडघं असत्यात. मोडू नगा."

यंत्रात अक्षरांना जागा मोजक्याच. मामांनी सगळ्या भरल्या होत्या, आणि ऐनवेळी मला अर्ध्या एकरासाठी एक खूण हवी होती. मी गुपचूप 'कुऱ्हाड'मधला तो आडवा अर्धा 'र' काढून टाकला. म्हटलं, कोण वापरतंय!

दुसऱ्या दिवशी खुटबाव गावात, कारखान्याच्या चेअरमनसमोर, पहिलीच पावती निघाली सोजरबाई कुऱ्हाडे यांची. 'कु', मग माझ्या खुणेचा काळा चौकोन, मग 'हाडे'.

म्हातारीनं पावती डोळ्यांजवळ नेली. "ह्ये माझं नाव न्हाई. साक्षरतेच्या वर्गात शिकलीया मी. मधलं कुठं गेलं?"

लोक हसले. चेअरमन हसले नाहीत. "बनसोडे, ह्यापरीस इंग्रजी काय वाईट होतं? बंद करू का हे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा 'र' कुठं गेला, ते त्यांना तेवढ्यात कळलं.

"माजी चूक, चेअरमन सायेब," मामा म्हणाले. "पाव तास द्या."

जीपमध्ये मी लॅपटॉप उघडला. बॅटरी संपत आलेली. माझी खूण काढली, वहीत बघून 'र' पुन्हा बसवला, वायर जोडली. फॉन्ट यंत्रात उतरेपर्यंत आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. तो उतरला आणि लॅपटॉप विझला.

सोजरबाईंनी नवी पावती बोट फिरवत वाचली आणि घडी घालून कनवटीला लावली. "चालू द्या," चेअरमन म्हणाले.

परतताना चाचणीच्या खोट्या नोंदी पुसायला मी यंत्र हातात घेतलं. त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा होतं. भागूबाई बनसोडे, कासुर्डी, क्षेत्र शून्य.

"मामा, ह्या कोण?"

"माजी आई." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "जलमभर दुसऱ्याचा ऊस खुरपला. तिचं नाव कवा कुठं लिवलंच न्हाई कुणी. म्हटलं, फॉन्ट तपासायला टाकावं." मग म्हणाले, "पुसा की. चाचणीचंच हाय."

एक ठेवून मी बाकीच्या नोंदी पुसल्या.