शंकासुराची देखभाल

ज्या गोष्टीची काळजी घ्यायला कोणी नेमलेले नाही, ती गोष्ट धोक्यात आहे, हे आमच्या इमारतीचे पहिले तत्त्व. (दुसरे वाहनतळाबद्दल आहे.) त्यामुळे तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या खिडकीसमोर शंकासुराचे झुडूप कोणाच्याही देखरेखीशिवाय दरवर्षी लाल-पिवळे फुलते, हे लक्षात येताच सर्वसाधारण सभा हादरली.

मास्तरीणबाई अंथरुणाला खिळलेल्या. खिडकीतून दिसणारे ते झुडूप हेच त्यांचे बाहेरचे जग. प्रश्न जिव्हाळ्याचा होता, म्हणून समिती नेमली.

समितीने पाणी घालण्याच्या पाळ्या लावल्या. प्रत्येक सदस्य आपल्या पाळीला पाणी घाली, आणि शेजाऱ्याचा भरवसा नसल्यामुळे त्याच्या पाळीलाही घाली. (सहकार म्हणतात तो हाच.) वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी खत आणले. सचिवांनी तुलनेसाठी त्यावर आपले घातले. झुडपाने आधी पानेच पाने काढली, फूल औषधालाही नाही. मग पाने पिवळी पडली. अहवालात याची नोंद ‘रंग येण्यास सुरुवात’ अशी आहे.

शेवटी बाईंनी सचिवांना बोलावून घेतले.

“अहो, ते कोरड्या मातीतच फुलतं. तुम्ही जरा लांब राहा त्याच्यापासून. मला यंदाची फुलं बघायची आहेत. पुढच्या वर्षीचं मी काही धरून चालत नाही.”

सचिवांना गहिवरून आले. झुडपाला एकटे सोडावे, असा ठराव त्याच दिवशी एकमताने झाला. आता एकटे सोडायचे म्हटले तरी ते काम कोणाच्या तरी अंगावर टाकावे लागतेच. उपसमिती झाली. जवळ कोणी फिरकू नये म्हणून सदस्य झुडपाभोवती खुर्च्या टाकून बसू लागले. चहा तिथेच येई, उरलेला बुंध्याशी ओतला जाई. पुढे ‘या झुडपास एकटे सोडण्यात आले आहे’ असा फलक लावायचे ठरले. काम कच्चे नको म्हणून खांबाला खोल खड्डा घेतला, आणि त्यात मुख्य मूळ तुटले.

झुडूप वाळले. फलक उत्तम उभा आहे. खिडकीतून आता तोच दिसतो.

बाई हल्ली भिंतीकडे तोंड करून झोपतात. मला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. समितीला तर इतके वाटले की तिने हाताशी असलेला सगळा वेळ बाईंकडे वळवला. सकाळी दंतवैद्य येऊन उशी नीट करतात, मागोमाग सचिव येऊन ती पुन्हा नीट करतात. जेवण दोन घरांतून येते आणि दोन्ही घरे समोर बसून भरवतात. बाईंचा रंग थोडा पिवळसर झाला आहे. काल त्या सचिवांना एवढेच म्हणाल्या, “दार ओढून घ्या.” सचिवांनी ते आतून ओढून घेतले आणि खुर्ची पुढे सरकवली.

बाईंसाठी आता कोणीतरी काहीतरी केले पाहिजे, असे हे वाचताना तुम्हालाही वाटले असेल. अवश्य या. दुपारची पाळी रिकामी आहे.