मंजूर झालेलं शिलाई मशीन

सैनिकाचं स्वतःचं सामान सरकारी कामात हरवलं किंवा मोडलं, तर सरकार त्याची भरपाई देतं. हे मी ठासून सांगतो, कारण लोकांचा विश्वास बसत नाही. माझी उभी हयात या भरपाई शाखेत गेली. आमच्याकडे आलेला एकही दावा आम्ही आजवर नामंजूर केलेला नाही. नामंजूर करायचा तर कारणं द्यावी लागतात. मंजूर करायला काही लागत नाही.

एका हवालदाराची बदली झाली. घरचं सामान सरकारी ट्रकातून नव्या छावणीकडे निघालं. पलंग, गाद्या, भांडी आणि बायकोचं शिलाई मशीन, जुन्या रजईत गुंडाळून दोरीनं आवळून बांधलेलं. वाटेत ट्रकात एक जनरेटर चढवण्यात आला. तो सरकारी असल्यामुळे त्याला ऐसपैस जागा हवी होती, आणि तशी जागा नेमकी मशीनच्या डोक्यावर निघाली. नव्या क्वार्टरमध्ये रजई सोडली तेव्हा मशीनचं चाक दुभंगलेलं होतं आणि मान एका बाजूला कलली होती. जनरेटर सुखरूप पोचला, याची इथे नोंद घ्यावी.

हवालदार दावा घेऊन आला तो बायकोसकट. नवरा कोपऱ्यात सावधान उभा राहिला. बोलायचं काम बाईंनी केलं, आणि बाई चांगल्या खमक्या होत्या.

"साहेब, दर दोन-तीन वर्षांनी आम्हाला नवं गाव. तिथं ओळखीचं कुत्रंसुद्धा नसतं. हे महिनोन्महिने सीमेवर. मी काय करते, दारापाशी मशीन मांडते. खडखड ऐकून कुणीतरी डोकावतं. कुणी पोरीचा फ्रॉक आणतं, कुणी पडदा आणतं. बसतात, बोलतात. बघता बघता मला माणसं मिळतात. मशीन नसलं की चार भिंती आणि मी. मला तुमचे पैसे नकोत. तेवढं दुरुस्त करून द्या."

"दुरुस्ती आमच्याकडे नाही, वहिनी," मी म्हणालो. "आमच्याकडे भरपाई आहे."

प्रकरण पाहणी अधिकाऱ्यांकडे गेलं. त्यांना शाखेत सगळे 'चष्मेवाले' म्हणतात, कारण ते एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर ठेवतात. एक वस्तू बघायला आणि दुसरा नियम बघायला. बहुधा दुसराच खाली असतो.

"घटनेच्या वेळी मशीन कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"ट्रकात, साहेब," हवालदार म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"सीमेवर."

"म्हणजे मशीनसोबत जबाबदार माणूस नव्हता."

"दोन जवान होते की, साहेब!"

"ते जनरेटरसोबत होते." चष्मेवाल्यांनी मोर्चा बाईंकडे वळवला. "शिवणाचे पैसे घेता?"

"देतं कुणी कुणी."

"मग ते धंद्याचं साधन झालं. धंद्याच्या साधनाला भरपाई नाही."

"बरं बाई, नाही घेत."

"मग ती गरजेची वस्तू नाही. बिनगरजेच्या वस्तूला भरपाई नाही."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, मी पैसे घ्यायचे होते की नव्हते, ते साहेबांनाच विचारा आणि मला सांगा."

चष्मेवाले मनाने वाईट नाहीत. त्यांनी 'अधूनमधून' असं लिहून घेतलं आणि दोन्ही नियमांच्या मधून प्रकरण अलगद पुढे सरकवलं. फक्त एक अट घातली. प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. आहे त्या जागी, आहे त्या अवस्थेत राहू द्यायचं.

आहे ती जागा म्हणजे व्हरांडा. ट्रकवाल्यांनी तिथेच टाकलं होतं. पाहणीची तारीख लागेपर्यंत एक आख्खा पावसाळा त्या मशीनवरून गेला. बाई वर फडकं टाकायला निघाल्या तर हवालदारानेच हात धरला. "अगं, नको. अवस्था बदलेल." शेवटी चष्मेवाले आले, त्यांनी गंज बघितला आणि खेदाने नोंद केली की धारकाने वस्तूची नीट निगा राखलेली नाही.

राहता राहिला किमतीचा प्रश्न. मशीन बाईंच्या आईचं होतं. पावती आईबरोबर गेलेली. आमच्याकडे प्रत्येक वस्तूचं आयुष्य ठरलेलं आहे, आणि जितकी वर्षं वापरली तितकी किंमत उतरते. त्या हिशेबाने हे मशीन बाईंच्या लहानपणीच संपलेलं होतं. त्यानंतर त्यांनी जे काही शिवलं ते कशावर शिवलं, याचा खुलासा मागवावा, असं एका सहकाऱ्याचं मत पडलं. मोठ्या साहेबांनी उदार मनाने ते बाजूला सारलं आणि सही केली. दावा मंजूर. रक्कम निरंक.

"म्हणजे आम्हाला मिळालं काय?" हवालदाराने विचारलं.

"मंजुरी," मी म्हणालो. "अभिनंदन! आणि हो, भरपाई मंजूर झाली की वस्तू सरकारजमा होते. हे मशीन आता सरकारचं."

"मग घेऊन जा एकदाचं!" बाई कडाडल्या.

"गोदामात मोडक्या वस्तूंना जागा नाही, वहिनी. आदेश येईपर्यंत तुम्हीच सांभाळायचं."

दुसरी एखादी बाई कपाळाला हात लावून बसली असती. या बाई भंगारवाल्याकडे गेल्या आणि तसल्याच मशीनचं चाक शोधून आणलं. लोहाराकडून मान सरळ करून घेतली. स्वतः रॉकेल आणि काथ्या घेऊन गंज घासला, तेल सोडलं, पट्टा चढवला. हवालदार पुन्हा सीमेवर गेला होता, नाहीतर त्याने आडकाठी केली असती. मशीन चाललं. दोन दिवसांत पलीकडची एक बाई डोकावली, मग तिची जाऊ आली, मग शाळेची मास्तरीण पडद्यांचं कापड घेऊन आली. त्या छावणीत आल्यापासून बाईंना पहिल्यांदाच कुणीतरी 'अगं' म्हणून हाक मारली.

नेमके त्याच वेळी चष्मेवाले सरकारी मालमत्तेच्या पडताळणीला आले. फाटकापाशीच थबकले आणि कान टवकारले.

"अहो, हे चालतंय!" घरात साप निघाल्यासारखे ते ओरडले.

"मग? चालू नये?" बाई म्हणाल्या.

झालं! सरकारी वस्तूत विनापरवानगी फेरफार. त्यातून वस्तू चालू झाल्यामुळे तिला किंमत आली. किमतीच्या सरकारी वस्तूवर खासगी फ्रॉक शिवले जात होते. वापराचं भाडं हवालदाराच्या पगारातून वळतं करण्याचा आदेश निघाला. मशीन ताबडतोब ताब्यात घ्यायचं ठरलं, कारण चालू वस्तूंसाठी गोदामात भरपूर जागा असते.

न्यायला मी स्वतः गेलो. सोबत ट्रक, नवीकोरी लाकडी पेटी, आतून फोमचं अस्तर आणि मशीनसोबत बसायला दोन जवान. चाकाला कागद गुंडाळला, मानेखाली उशी दिली. शेजारणी फाटकापाशी उभ्या होत्या. बाई काही आदळआपट करतील अशी मला धास्ती होती, पण त्या नुसत्या त्या पेटीकडे बघत राहिल्या.

"आधी कुठे होती हो ही पेटी?"

"आधी मशीन तुमचं होतं, वहिनी," मी म्हणालो. त्यांचे डोळे भरून आले. आम्ही मशीनवर ताडपत्री टाकली.

इथे प्रकरण बंद व्हायचं. पण वर्षअखेरीस जवानांच्या सन्मानाचा जाहीर कार्यक्रम झाला, आणि आमच्या शाखेला काहीतरी मांडा असा हुकूम आला. आम्ही मशीन मांडलं. पॉलिश करून, काचेच्या पेटीत, व्यासपीठाच्या मधोमध. खाली पाटी लावली: 'दावा मंजूर, मशीन पूर्ववत'. सभागृह गच्च भरलं होतं. सगळे साधे, भले नागरिक, मुलाबाळांना घेऊन आलेले. हवालदार सीमेवर असल्यामुळे पुष्पगुच्छ घ्यायला बाईंना बोलावलं होतं.

बाईंनी पुष्पगुच्छ घेतला, खुर्चीवर ठेवला आणि सरळ काचेच्या पेटीकडे गेल्या. पहारेकरी आडवा आला. "हात लावू नका, सरकारी आहे." तशा त्या वळल्या आणि निवेदकाच्या हातातला माईक त्यांनी काढून घेतला.

"हे माझ्या आईचं मशीन आहे," त्या म्हणाल्या. "मीच नीट केलंय. चालतं. मला सत्कार नको. मला हे घरी नेऊ द्या. तिकडे दिवसभर मी कुणाशी बोलू?"

सगळं सभागृह व्यासपीठावर बसलेल्या साहेबांकडे बघू लागलं. मोठ्या साहेबांना दरदरून घाम फुटला. आतली गोष्ट सांगतो, त्या क्षणी कुणी एकाने जरी "देऊन टाका की तिला" म्हटलं असतं, तर साहेबांनी स्वतः पेटी उचलून तिच्या दारात नेऊन ठेवली असती. साहेब नियमांना भीत नाहीत. नियम आम्हीच करतो. साहेब लोकांना भितात.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक भारदस्त आवाज आला. "अहो बाई, बसा आता! इतका मान देतोय ना तुम्हाला? तिकडे ते देशासाठी जीव ओवाळून टाकतायत, आणि तुम्ही इथे एका मशीनसाठी कार्यक्रमाचा विचका करताय!" आणि त्या सद्गृहस्थांनी उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग त्यांची रांग उठली, मग सगळं सभागृह उठलं. बाईंचे ओठ बराच वेळ हलत होते, पण टाळ्यांपुढे एक अक्षर ऐकू येईना. शेवटी त्या खाली बसल्या, पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन. मशीन दुसऱ्या दिवशी गोदामात परत गेलं.

शाखेच्या वतीने त्या सद्गृहस्थांचे आभार मानायचे राहूनच गेले. गर्दीत पुन्हा गाठ पडली नाही. आज तुम्ही हे वाचताय, बाईंसाठी हळहळताय, आमच्या शाखेला नावं ठेवताय, म्हणून आपलं सहज विचारतो. तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, तुम्हीच होतात ना? टाळ्या फार छान वाजवता तुम्ही.