थडग्यावरचं विशेषण

"विशेषण माझ्यावर सोडा, बाईसाहेब! असं शोधून देतो की मेल्याचं सार्थक होईल!" ऑस्टियाचे लॅटिन व्याकरणाचे मास्तर स्टॅफिलस छाती ठोकून म्हणाले.

वेट्टियाबाई जिवंतपणीच स्वतःचं थडगं बांधून घेत होत्या. शहाणी माणसं घेतातच. मजकूर पसंत पडला तर मास्तरांच्या शाळेला आपली पक्की खोली द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. आत्तापर्यंत शाळा भरायची रस्त्याकडेच्या ओसरीत, फाटक्या पडद्याआड. धडा चालू असताना गाढवं आत डोकावायची!

मास्तरांनी 'पिआ' निवडलं. पाथरवट हिलारस म्हणाला, "गुरुजी, 'पिइस्सिमा' कोरू की! सगळ्यांच्या दगडावर तेच असतं."

"'सगळ्यांत पिआ' असं रूपच नाही, गाढवा!" मास्तर कडाडले आणि जे सुटले! पिआ म्हणजे देवांचं, आईबापांचं, नवऱ्याचं सगळं निष्ठेनं करणारी. पुरुष असता तर पिउस. मुळात अर्थ शुद्ध, निर्मळ. "निर्मळाहून निर्मळ काय असणार, सांग!"

दुपार टळली. हिलारसचं डोकं उठलं. "बास, गुरुजी! पिआ तर पिआ!" म्हणत त्यानं कोरून टाकलं. या धांदलीत, बाई अजून हयात आहेत हे सांगणारी खूण नावाआधी कोरायची, ती राहूनच गेली!

दुसऱ्या दिवशी मास्तर बाईंना घेऊन वेशीबाहेर गेले. बघतात तर थडग्यापुढे शेजारीण रुफिना फुलं वाहून गळा काढतेय! बाईंनी मास्तरांना झाडाआड ओढलं.

"गेली गं बाई!" रुफिना दासीला म्हणाली. "पण पिआ कसली डोंबलाची! नवऱ्याला कधी सुखानं दोन घास खाऊ दिले नाहीत. माझं तांब्याचं पातेलं नेलं, ते न देताच मेली!"

"पातेलं माझंच आहे, भवाने!" झाडाआडून बाई गरजल्या.

फुलं एकीकडे, दासी एकीकडे, आणि रुफिना मागे न बघता थेट वेशीपर्यंत!

मास्तरांनी हात जोडले. गेली खोली! "चुकलं, बाईसाहेब... खूण आत्ता कोरून घेतो."

"खबरदार!" बाईंचे डोळे चमकत होते. इतकी मजा त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती. "अजून सात-आठ शेजारणी यायच्यात."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. हळूच म्हणाले, "मग... खोलीची किल्ली?"

बाई झाडाआड ऐसपैस बसल्या. "मास्तर, एवढे शिकलेले तुम्ही! मेलेल्या बाईनं कुणाला खोली दिल्याचं कधी ऐकलंय का?"