पाठीवर चालणारी पलटण

आमचे शेजारी सुभेदार आबा पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याच्यापुढं ताटलीत एक जिवंत अळी ठेवतात. पांढरी, जाडजूड, करंगळीएवढी. पाहुणा खुर्चीसकट मागं सरकला की आबा खूष.

"भिऊ नगा, आपलीच हाय. बघा कशी चालती!"

अळी उताणी होते आणि पाय वर करून चक्क पाठीवर सरकत निघते.

"पाठीवर चालली की आपली. कुशीवर मुडपून पडली की हुमणी. हुमणी उसाची मुळी खाती, ही नुसतं शेण न् उसाचं वाळलं पाचट."

फौजेतून आल्यापासून आबांचा मुक्काम घरात कमी, शेणखताच्या खड्ड्यापाशी जास्त. अळीच्या मिरीएवढ्या लेंड्या ते तळहातावर घेऊन दाखवतात. "हिच्या पोटात जिवाणूंची आख्खी पलटण हाय, ताई. पाचट त्येच पचवत्यात. लेंडीतनं भाईर पडलं की मातीत ड्यूटी चालू! मग गांडुळं येत्यात, माती जित्ती हुती." त्यांची वांगी पाहिल्यावर वाद घालता येत नाही.

यंदा गावानं हुमणीविरुद्ध मोहीम काढली. प्रत्येकाचा खड्डा तपासायचा, हुमणी सापडली की औषधाची पावडर टाकायची. ग्रामपंचायतीतलं लिहिणं-पुसणं माझंच, त्यामुळं यादी अर्थातच माझ्याकडे. आबांच्या खड्ड्यात तर फावड्यागणिक अळ्या. पावडर टाकणारा पांडू म्हणाला, "आबा, ही तर हुमणीची छावणीच हाय की!"

"हात लावून तर बघ! एकेकीची परेड हुईल. एक जरी नापास झाली, तर खुशाल टाक पावडर."

अंगणात पत्रा अंथरला. टोपलीमागून टोपली आली. तासाभरात अर्धी गल्ली जमली. पांडूच पत्र्यावर वाकून ओरडू लागला, "हो गं बाई उताणी, हो!" आबांनी तीनदा चहा केला.

सात टोपल्या, हुमणी एकही नाही. खड्डा वाचला. मी यादीत खूण केली, मंडळी उठली.

आबांचा मुलगा शिरवळला कंपनीत. काकी जाऊन चार वर्षं झाली. कपबश्या गोळा करताना आबा म्हणाले, "ही गेल्यापास्नं एवढे कप आजच निघालं." मग कोपऱ्याकडं बोट करून, "ताई, ती टोपली ऱ्हायली की."

ती आम्ही सगळ्यात आधी तपासली होती. पांडूनं तोंड उघडायच्या आत मी यादीत लिहिलं : एक टोपली बाकी, उद्या चार वाजता.

"पांडू, तू बी ये रं," आबा म्हणाले, "तुझं लय ऐकत्यात त्या."