घरी राहिलेल्याचा प्रश्न

दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी वेंकटराव मामा आधी चिनी शकुन पाहतात. तीन नाणी सहा वेळा उडवायची, उताणी-पालथी बघून रेघा मांडायच्या, मग चपला. तोवर दूध संपलेलं असतं.

मामा आमचे शेजारी. घराणं तंजावरचं, मराठी जुनं, मधे मधे तमिळ. ही विद्या त्यांनी तरुणपणी इथल्याच एका चिनी दंतवैद्याकडून घेतली. "दाढ दिली, विद्या घेतली," म्हणतात.

मी शहराच्या टोकाला पेरुंगुडीला नोकरीला लागले तेव्हा त्यांनी न विचारताच माझा शकुन काढला.

"शकुनात 'प्रवासी' निघालाय मा! डोंगरावरची आग. ती एका जागी थांबत नाही, प्रवासीही नाही. त्यानं सामान कमी ठेवावं, परक्या दारी भांडू नये."

"मामा, ऑफिसची बस आहे."

"बसवालाही परकाच की!"

म्हणूनच ते रिक्षावाल्याशी घासाघीस करत नाहीत. ती मामी करायच्या. मामा तोवर आकाशाकडे बघत उभे.

मग मामी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. बारसं झालं, बाळ रांगायला लागलं, मामी तिथंच. इकडे रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून नाण्यांचा आवाज येऊ लागला. मामा तर कुठेच जात नव्हते.

एकदा आईनं दिलेली भाजी घेऊन गेले तेव्हा विचारलं, "कुठे निघालात?"

"मी कुठं? चिनी लोकांत प्रवासाचे प्रश्न दोन मा. जाणारा विचारतो, जाऊ का? घरी बसलेला विचारतो, गेलेलं माणूस कधी येईल?"

"काय आलं?"

"आज येईल म्हणतंय. काल नाही म्हणालं. उद्या परत विचारतो."

"मामींनाच विचारा ना."

"अय्यो! लेक म्हणते, आई, इथंच राहा. मी हिला विचारलं आणि ही नाही म्हणाली तर?"

मी स्वतःहून सहसा कुणाला फोन करत नाही. त्या दिवशी मामींना केला, स्पीकर लावला. मामांनी घसा खाकरला.

"सांबाराची पूड कुठं ठेवलीस?"

"असेल डोळ्यांसमोर. अहो, एवढ्यासाठी फोन?"

मामा नाणी चाळवू लागले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"येतेस का गं?"

पलीकडे नुसतं बाळाचं रडणं. मग मामी म्हणाल्या, "इतके दिवस तोंडाला कुलूप होतं का? लेक राहा म्हणते, तुम्ही ये म्हणत नाही. मला वाटलं, माझ्यावाचून चाललंय तुमचं. उद्याच्या गाडीत बसते."

गाडी परवा पोहोचणार होती. मामांनी आत्ताच इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि नाणी न उडवताच मला विचारलं, "सेंट्रल स्टेशनला कधी निघावं मा?"