मेधा मॅडमचं ऑर्किड

परदेशी जाताना मेधा मॅडमनी आपलं ऑर्किड सौरभच्या हाती दिलं. नोकरीत तो अजून कायम झाला नव्हता. त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं, हे मॅडमच ठरवणार होत्या.

"सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं अजिबात नाही. पाणी फवारायचं, ओतायचं नाही. मुळं मोकळी राहिली पाहिजेत. आणि सौरभ, हे सासूबाईंनी दिलंय. कळलं ना?"

"कळलं, मॅडम." सासूबाई हा शब्द मॅडमनी ज्या आवाजात उच्चारला, त्यावरून झाडाचं काही झालं तर आपलं काय होईल, हे त्याला नीटच कळलं होतं.

माण गावात तो रंभाबाईंच्या माडीवर भाड्याने राहत होता. एप्रिलचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. सौरभने गॅलरीला हिरवी जाळी बांधली, कुंडीखाली खडे घालून पाण्याची परात ठेवली. फवारा मारतानाही तो श्वास रोखून धरायचा. एखादं पान जरा पिवळसर दिसलं, की त्याला जेवण जायचं नाही. झाड मात्र मजेत होतं. भीतीने का होईना, पोरगा ऑर्किड सांभाळायला शिकला.

एरवी तो घरूनच काम करायचा, पण एक दिवस त्याला ऑफिसात जावंच लागलं. त्याने रंभाबाईंना किल्ली दिली आणि दुपारी एकदा फवारा मारायला विनवलं. संध्याकाळी येऊन बघतो तर गॅलरी रिकामी.

"मावशी, झाड कुठंय?"

"गच्चीवर. ऊन खाऊ दे की जरा! पार अंधारात कोंडलं व्हतंस."

सौरभ धावत गच्चीवर गेला. तेलाच्या डब्यात, काळ्या मातीत ऑर्किड गळ्यापर्यंत पुरलेलं होतं. वर बादलीभर पाणी. पानं शिजवलेल्या भाजीसारखी मान टाकून पडलेली.

"हे काय केलंत, मावशी?"

"आरं, कुंडीत मातीच न्हाई! नुसता कोळसा आन लाकडाच्या ढलप्या. फसवलं की तुला दुकानदारानं. म्या शेतातली माती घातली, शेणखत घातलं. भायेर लोंबत्या मुळ्या बी छाटल्या."

"आणि तो कोळसा?"

"बंबात घातला. आंघोळ करून घे, पाणी लई कडक तापलंय."

रंभाबाईंचा सगळा जन्म शेतात गेलेला. बिनमातीचं झाड म्हणजे त्यांच्या लेखी उपाशी लेकरू. एवढ्या मायेने केलेल्या खुनाबद्दल त्यांना बोलणार तरी काय? सौरभने झाड उपसून, धुऊन पाहिलं, पण ते बुडापासून कुजत गेलं. अशात मॅडमचा फोन आला.

"आम्ही परतलोय. उद्या येते झाड न्यायला. सासूबाई पण येताहेत."

सौरभने गाडी काढली आणि पौड रस्त्यावरच्या रोपवाटिका पालथ्या घातल्या. कासार आंबोलीजवळ एकदाचं तसंच जांभळं ऑर्किड मिळालं, फक्त फुलं जरा जास्तच होती. चार फुलं तोडून टाकावीत का, हा विचार त्याच्या मनात आला, पण त्याच्या हातून अख्खा दांडाच तुटून यायचा. त्याने नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी मॅडम दारात उभ्या राहिल्या. झाड बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओळखलं! सौरभ मनातल्या मनात सामान बांधू लागला.

मागून सासूबाई पुढे झाल्या. "अगंबाई! माझ्याकडेसुद्धा असं फुललं नव्हतं कधी! मेधा, हे जगलं, मग ठरल्याप्रमाणे हं. आता माझी बाकीची सगळी ऑर्किडं तुझ्याकडे. मीपण चार महिने राहायला येते, तुला एकटीला झेपायचं नाही." कुंडी छातीशी धरून त्या आनंदाने जिना उतरल्या.

मॅडम मागे थांबल्या. जिन्यातला पावलांचा आवाज विरला तशा त्या जवळ आल्या.

"सौरभ," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "अख्ख्या टीममध्ये तुझ्याइतका वेंधळा माणूस दुसरा नाही, म्हणून मुद्दाम तुला दिलं होतं. एवढं एक काम झालं नाही तुझ्याकडून?"