बबन मिस्त्री आणि हेडचे दहा बोल्ट

नाशिक रोडचा बबन मिस्त्री इंजिनाचं हेड बसवायला घेतलं की आधी साबणानं हात धुतो. कामाआधी हात धुणारा मिस्त्री मी दुसरा पाहिला नाय. मग रेडिओ बंद, आणि गिऱ्हाइकाला हुकूम, "काका, खोकायचं असंल तर बाहेर."

मी शिकलेलो नाय, पण जुनी गाडी तीस वर्षं चालवली. त्या गुर्मीत हेडखालचं गॅसकेट मीच बदललं आणि एका कोपऱ्यापासून एकेक बोल्ट जीव खाऊन आवळत गेलो. तिसऱ्या दिवशी पाणी तेलात! बबननं हेड उतरवून पोलादी पट्टी आडवी ठेवली, तर पट्टीखालून उजेड दिसला.

"काका, हेड हाय का गोणीचं तोंड? एका बाजूनं आवळत सुटलात!"

हेड सपाट करून आणलं. दहा बोल्टांपाशी त्यानं खडूनं आकडे घातले. सुरुवात मधून, मग आडवं-तिडवं बाहेर. किती जोर लागला ते काट्यावर दाखवणारा पाना, आणि तीन फेऱ्या. पहिली थोडी, दुसरी जरा जास्त, तिसरी पुरती.

मी म्हटलं, "अजून एक झटका दे की."

"बोल्ट तुटंल. काट्यापरीस जास्त ह्या हातानं कधी आवळलं नाय." खोटं बोलणारा माणूसच नव्हे तो.

मला गाडी त्याच दिवशी पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी बायकोचं वर्षश्राद्ध, देवळ्याला, तिच्या माहेरी. ती कायम ह्याच गाडीनं माहेरी गेली. मी एसटीनं उतरलो असतो तर तिला तोंड काय दाखवलं असतं?

दुपारी गाडी चालू झाली. मी निघालो, तर बबन धुतलेला शर्ट घालून मागच्या सीटवर हजर.

"देवळ्यापत्तोर इंजिन तापंल. रातभर थंड झालं की बोल्ट परत एकदा बघायचे. पद्धत हाय."

"मग पुढं बस."

"ती जागा काकूंची."

सकाळी देवळ्यात त्यानं दहाही बोल्ट तपासले. "झालं काका. आता डोळे झाकून चालवा."

दुपारी पंगत बसली. मेहुण्याची बायको वाढत होती, "भाऊ, लाजू नका, खीर घ्या अजून." बबन एकटा राहतो. गॅरेजमागच्या खोलीत भात टाकतो आणि उभ्यानं खातो. इथं वाटी पुढं करत, हळूहळू जेवत होता.

मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "काका, ते बोल्ट... उद्या सकाळी परत बघावे लागतील."

मी मेहुण्याला हाक मारली. "आजही दोघांचं अंथरूण टाका. आम्ही निघत नाय."